आमच्या लॅबमध्ये एक मामा होते

बाबा, आज लॅबमध्ये पुन्हा तुमची गोष्ट सांगितली, आणि पुन्हा अर्धीच सांगितली. एफवायची बॅच होती, वीस पोरं-पोरी, आणि प्रयोग तुमच्या आवडीचा. मळकी पावडर उकळत्या पाण्यात विरघळवायची, गरम असतानाच गाळायची, मग बीकर बाजूला ठेवून हातावर हात धरून बसायचं, की त्यातून पांढरे स्वच्छ स्फटिक आपोआप जमायला लागतात. पुस्तकात ह्याला पुनःस्फटिकीकरण म्हणतात. तुम्ही म्हणायचात, ‘धुवक घातलंय.’ पण हातावर हात धरून बसणं आजच्या पोरांना कुठलं जमायला! बीकर हाताला चटका देतोय तोवरच बर्फात बुडवायला निघतात. मग मी दरवर्षीप्रमाणे टेबलावर टकटक केलं आणि म्हटलं, आमच्या लॅबमध्ये एक मामा होते, ते सांगायचे की घाईने थंड केलंत तर घाणही आतच अडकून बसते, सावकाश होऊ द्या. पोरं हसली. दोघातिघांनी बर्फातून बीकर बाहेर काढले. मी खुर्चीवर येऊन बसले. मालाडच्या ह्या कॉलेजात गेली तीसेक वर्षं मी हेच वाक्य बोलतेय. एक मामा होते. ते माझे वडील होते, एवढे चार शब्द काही तोंडातून बाहेर पडत नाहीत.

ह्या एप्रिलमध्ये मी रिटायर होते. म्हणजे हा प्रयोग घेण्याची माझी ही शेवटची खेप. बॅचेस दोन, एक आज झाली, दुसरी पुढच्या मंगळवारी. त्यानंतर माझं ऐकायला कोणी बसणार नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली. भाऊबहीण तुम्ही दिले नाहीत, लग्न मी केलं नाही, आणि त्यावरून तुम्ही शेवटपर्यंत आईकडे कुरकुर केलीत, माझ्याकडे एकदाही नाही. बोरिवलीला दोन खोल्या आहेत, चांगल्या आहेत, सकाळी ऊन येतं. पण घरी आल्यावर चप्पल काढताना मी मोठ्याने ‘आले गं’ म्हणते आणि मग माझी मीच चपापते. शेजारी चांगले आहेत, त्यांना मी ‘कॉलेजवाल्या मॅडम’ म्हणून माहीत आहे. आपल्या घाटकोपरच्या चाळीतलं कोणी उरलं नाही, टेकडीवरची ती चाळ पाडून तिथे बिल्डिंग झाली. म्हणजे बघा, मी तुमची मुलगी आहे हे आता ह्या मुंबईत मला एकटीलाच माहीत आहे. एप्रिलनंतर ते माझ्याबरोबर बोरिवलीच्या दोन खोल्यांत राहणार आणि माझ्याबरोबरच संपणार. म्हणून ह्या वर्षी ठरवलं होतं की सांगायचंच. ठरवून पर्समध्ये ती लहान बाटलीही टाकली होती. बाटलीचं नंतर लिहिते.

मला तुमचा पहिला धडा आठवतो तो कॉलेजातला नाही, आपल्या स्वयंपाकघरातला. मी चौथी-पाचवीत असेन. खोली एकच, तिच्यातच पडदा लावून आईचं स्वयंपाकघर. तुम्ही स्टीलच्या पेल्यात साखरेचा पाक करून त्यात दोरा सोडलाय, दोरा अडकवायला पेल्यावर आईची झाडूची काडी आडवी ठेवलीय. मी दर पाच मिनिटांनी पेला उचलून बघतेय. आई म्हणतेय, एकतर पेले मोजून चार, त्यातला एक अडकवून ठेवलात, पाहुणा आला तर चहा काय ओंजळीत देऊ? तुम्ही हसताय. मी पेला हलवला की तुम्ही माझा हात हळूच बाजूला करताय आणि म्हणताय, ‘हलवू नको गो चेडवा. तेका येवंदे. आपसूक येतला.’ आठवडा लागला. दोऱ्याला खडीसाखरेचे खडे धरले, कडा अगदी कापल्यासारख्या. मला वाटलं बाबांना जादू येते. आईने त्यातला एक खडा देवापुढे ठेवला आणि पेला घासून परत फळीवर लावून टाकला.

तुम्ही सातवी पास. आजोबा गिरणीत होते, तुम्ही गावाहून आलात आणि कोणाच्या तरी ओळखीने कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये लागलात. काचसामान धुवायचं, बर्नर लावायचे, पोरांना रसायनं मोजून द्यायची. सगळं कॉलेज तुम्हाला मामा म्हणायचं. सर लोकसुद्धा. तुम्हाला आडनाव असेल हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. प्रयोगाची पावडर म्हणजे अॅसिटॅनिलाइड, ते नाव तुमच्या जिभेवर बसेना म्हणून तुम्ही त्याला ‘अनिला’ म्हणायचात, आणि पुढे सरही तेच म्हणायला लागले. त्या अनिलाशी तुमचं जे चाललेलं असायचं ते आठवलं की मला अजून हसू येतं. पोरांनी शुद्ध करून जमा केलेले स्फटिक तुम्ही एका मोठ्या तपकिरी बाटलीत साठवायचात. मे महिन्याच्या सुट्टीत ते सगळे पुन्हा विरघळवून, पुन्हा गाळून, पांढरेशुभ्र करायचात. आणि मग जूनमध्ये त्यात विटेची पूड कालवून मुद्दाम मळवायचात, नव्या पोरांना शुद्ध करायला. कॉलेज नवीन माल विकत घेत नसे, त्यामुळे तीच अनिला वर्षानुवर्षं मळत होती आणि धुतली जात होती. मळवायचंही तुम्ही हलक्या हाताने. म्हणायचात, पोरांना जमलं पाहिजे, रडवायचं नाही.

त्याच कॉलेजात मी बीएस्सीला जाणार हे ठरलं कारण दुसरीकडे जायला परवडणारं नव्हतं आणि ते चालत जाण्याच्या अंतरावर होतं. कॉलेज सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात. आई भात वाढत होती. तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, ‘लॅबात माका बाबा म्हणा नको. सगळे म्हणतत तसा मामाच म्हण. नायतर उद्या कोण म्हणतला, मामान आपल्या चेडवाक मार्क दिल्यान.’ मी हो म्हटलं. कारण पटण्यासारखंच होतं. तुमचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता, लॅबमधला गाळणकागदाचा तुकडासुद्धा तुम्ही कधी घरी आणला नाही. मोठ्या सरांना आणि ऑफिसमधल्या एका क्लार्कला काय ते माहीत होतं, त्यांना तुम्हीच गप्प राहायला सांगितलंत. फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायासमोर मी ‘नोकरी’ एवढंच लिहिलं.

मग तीन वर्षं आपण ते पाळलं. तुम्ही सकाळी सातला निघायचात, मी दहा मिनिटांनी. रस्त्यात तुम्ही पुढे दिसलात की मी वाण्याच्या दुकानाशी रेंगाळायचे. डब्याची पंचाईत होती. आई दोघांनाही तेच देणार, आणि आईच्या कुळथाच्या पिठीचा वास लपतोय थोडाच! एकदा एक मैत्रीण म्हणाली, अगं, मामांच्या डब्यात पण आज तुझ्यासारखंच आहे काहीतरी. मी म्हटलं, असेल, कोकणातले असतील. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही स्टोअररूममध्ये, ॲसिडच्या बाटल्यांजवळ बसून जेवायला लागलात. मी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. तुम्ही कुठून ऐकलंत कोण जाणे. मी रोज तुमच्या हातून काचेची भांडी घ्यायचे आणि म्हणायचे, मामा, एक फनेल द्या ना. तुम्ही म्हणायचात, घ्या ताई. घरी आल्यावर तोच माणूस माझ्यासाठी चहा गाळून ठेवायचा. पहिल्या महिन्यात जीभ अडखळायची. मग सवय झाली. एवढी सवय झाली की एका रविवारी घरी, पाणी तापलंय का विचारताना, माझ्या तोंडून ‘मामा’ निघालं. आई हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही म्हणालात, तापलंय, घे.

तुम्ही मला लॅबमध्ये कधी काही शिकवलं नाहीत. जे काही ते घरी, तेही मागितल्याशिवाय नाही. एकदा मी जर्नल लिहीत स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. दोन ग्रॅमपैकी माझे नऊ दशांश ग्रॅमच हाती लागले होते, बाकी कुठे गेले देव जाणे, आणि इतर पोरी दीड-पावणेदोन लिहून मोकळ्या झाल्या होत्या. मीही दीड लिहिलं. तुम्ही वाकून बघितलंत. तुमच्या हातात धुतलेली भाजी होती, पाणी जर्नलवर ठिबकलं. इतक्या वर्षांत तुम्ही मला रागावलात ते तेवढंच. आवाज चढला नाही, फक्त जर्नल माझ्या हातातून काढून घेतलंत आणि म्हणालात, ‘जेवढा गावला, तेवढाच लिव.’ मी खोडून पॉइंट नऊ लिहिलं. सरांनी शेरा मारला, उत्पादन कमी. तुम्ही त्याच आठवड्यात मला एक काचेची कांडी आणून दिलीत. लॅबमधल्या फुटक्या कांडीचा कचऱ्यात टाकलेला तुकडा, मोठ्या सरांना विचारून घेतलेला. एक टोक बर्नरवर धरून गुळगुळीत केलेलं, दुसरं मुद्दाम खरखरीत ठेवलेलं. द्रावण थंड झालं आणि तरी स्फटिक धरेनात, तर त्या खरखरीत टोकाने बीकर आतून हलकेच घासायचा, की तिथे ते जमायला लागतात. माझ्या आयुष्यात मला मिळालेली भेट म्हणावी तर ती.

आता परीक्षेचा दिवस लिहायला हवा. इतका वेळ त्याच्याभोवती घिरट्या घालतेय.

टीवायची प्रॅक्टिकल. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आलेत, टाय लावलेले, कोणाला ओळखत नाहीत, कारण आमच्या कोटावर नाव नाही, फक्त बैठक क्रमांकाची चिठ्ठी टाचलेली. मला पदार्थ मिळालाय तो आपली अनिलाच, बघताक्षणी मी ओळखलं, विटेची पूड तुमच्या हातची होती. हसूच आलं. आणि तिथेच माझी वाट लागली. हातखंडा प्रयोग म्हणून मी बिनधास्त पाणी ओतत गेले. विरघळलं, गाळलं, बाजूला ठेवलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पाऊण तास. बीकर गार पडला, पाणी नितळ, आत काही नाही. शेजारची मुलगी स्फटिक वाळवायला लागली. कांडीने घासून बघितलं, काही नाही. टीवायला प्रॅक्टिकल गेली म्हणजे वर्ष गेलं, आणि आणखी एक वर्ष शिकवणं आपल्या घराला झेपणार नव्हतं, हे मला पुरतं माहीत होतं. तुम्ही बर्फाचं घमेलं घेऊन टेबलांमधून फिरत होता. माझ्यापाशी आलात. मी बर्फाला हात घातला, तेव्हा तुम्ही घमेलं थोडं मागे घेतलंत. माझ्याकडे न बघता, ओठ हलले न हलले असे, एकच शब्द बोललात.

‘आटव.’

पाणी जास्त झालंय, उकळून कमी कर. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी बर्नर पुढे ओढला. आणि परीक्षकांनी ते बघितलं होतं. ते आले. सगळा हॉल हातातलं थांबवून आमच्याकडे बघायला लागला.

‘काय मामा, काय सांगितलंत तिला? ओळखीची आहे का?’

तुमच्या खाकी कोटाला ॲसिडने पडलेली भोकं होती, आईने त्यांतली दोन निळ्या दोऱ्याने रफू केली होती. मी त्या निळ्या दोऱ्याकडेच बघत होते. तुम्ही घमेलं दोन्ही हातांत धरून म्हणालात, ‘नाय सर. माझ्या ओळखीची कोण नाय हिकडे. बर्फ संपत आलाय, तेवढंच बोललो.’

मग ते माझ्याकडे वळले. तू ओळखतेस का ह्यांना, असं त्यांनी विचारलं. 

‘लॅबचे मामा आहेत, सर,’ मी म्हटलं.

ते पुढे गेले. तुम्हीही पुढच्या टेबलाकडे गेलात. मी पाणी अर्ध्यावर आणलं, बीकर ठेवला, तुमच्या कांडीने एकदाच घासलं आणि हात मागे घेतला. थोड्या वेळाने काचेच्या कडेला एक चमकदार पापुद्रा दिसला, मग दुसरा, मग बघता बघता सगळा बीकर भरून आला. इतके सुंदर स्फटिक मी आयुष्यात पुन्हा कधी काढले नाहीत. वजन आलं तेवढंच लिहिलं. त्या प्रॅक्टिकलला मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले, त्यावर एमएस्सीला प्रवेश मिळाला, त्यावर ही नोकरी. माझ्या सगळ्या नोकरीच्या तळाशी तुमचा तो एक शब्द आहे, आणि तो उच्चारणं तुम्हाला किती जड गेलं असेल हे मला माहीत आहे. ज्या माणसाने मुलीला बाबा म्हणू दिलं नाही ते ह्याच एका गोष्टीच्या भीतीने, त्याने शेवटी तीच गोष्ट केली. आणि वर भरल्या हॉलमध्ये खोटं बोलला.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तुम्ही आधीच आला होता. मोरीत पाय धूत होता. आईने विचारलं, कसा गेला पेपर? मी म्हटलं, बरा. मला त्या वेळी तुमच्याजवळ यायचं होतं. काय बोलायचं ते ठरवून आले होते, रस्ताभर तेच घोकत. तुम्ही टॉवेलने पाय पुसलेत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, ‘पानी जास्त घातलंस.’ मी हो म्हटलं. मग आईने ताटं वाढली आणि आपण जेवलो. त्यावर आपण पुन्हा कधीही बोललो नाही. तुम्ही माफ केलंत, की दुखावलात, की तुमच्या लेखी ती बोलण्यासारखी गोष्टच नव्हती, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि बाबा, ह्याचा मला तुमच्यावर राग आहे. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

मी मालाडला लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी तुम्ही गेलात. रिटायर व्हायला दोन वर्षं होती. रिटायर झालो की गावी जाऊन राहणार, पडवीत बसून नुसती माणसं बघणार, हे तुमचं किती वर्षं चाललेलं. सकाळी कॉलेजला जायला बूट घालायला वाकलाय असं वाटलं, आणि तुम्ही उठलाच नाहीत. कॉलेजात शोकसभा झाली. सभेला आई गेली. मी गेले नाही. माझं लेक्चर आहे असं आईला सांगितलं, ते होतंही, पण सुट्टी मागितली असती तर कोणी नाही म्हणणार होतं का? तिथे माझ्या वर्गातल्या मुली असणार होत्या, ज्यांनी तीन वर्षं मला तुम्हाला मामा म्हणताना ऐकलं होतं. आई एकटी पुढच्या रांगेत बसली. परत आली तेव्हा तिच्या हातात तुमच्या लोखंडी कपाटातल्या वस्तूंची पिशवी होती. कोट, चष्मा, बिनकानाचा कप, आणि रबरी बुचाची, इंजेक्शनच्या औषधाची असते तेवढी एक बाटली. बाटलीत चमचाभर पांढरे पापुद्रे. वर चिकटवलेल्या कागदावर तुमच्या अक्षरात फक्त एक आकडा. तो माझा बैठक क्रमांक होता.

पोरांचा सगळा माल त्या तपकिरी बाटलीत जायचा, दरवर्षी मळायचा आणि धुतला जायचा. माझा तेवढा तुम्ही त्यात घातला नाहीत. गाळणकागद घरी न आणणाऱ्या माणसाने कॉलेजची ती एक चोरी केली आणि तीही घरी आणायची हिंमत झाली नाही. इतकी वर्षं ती बाटली माझ्या कपाटात पासबुकांच्या डब्यात आहे. पापुद्रे अजून तसेच आहेत, उजेडात धरले की चमकतात.

हीच बाटली आज पर्समध्ये होती. ठरवलेलं असं, की गोष्ट सांगायची, बाटली काढायची, म्हणायचं, हे मी काढलेले स्फटिक आणि हे ठेवणारे मामा म्हणजे माझे वडील. सकाळी आरशासमोर दोनदा म्हणूनही बघितलं. शहाणी म्हणायची मी! लॅबमध्ये एका मुलीचे स्फटिक धरत नव्हते. माझीच तेव्हाची चूक, पाणी जास्त. रडकुंडीला आली होती. मी तिला आटवायला सांगितलं, शेजारी उभी राहिले, आणि धरायला लागल्यावर तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू. ती म्हणाली, मॅम, हे पण तुमच्या मामांनी शिकवलं का? मी हो म्हटलं. माझा हात पर्सच्या चेनवर होता. मग तिने विचारलं, ‘ते मामा आता कुठे असतात?’

सरळ प्रश्न. असा सरळ प्रश्न मला तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. दुसरी संधी ती काय असते! आणि मी म्हटलं, ‘रिटायर झाले. गावी असतात.’

ती म्हणाली, वा, मस्त. आणि स्फटिक गाळायला लागली. मी पर्सची चेन ओढून बंद केली.

घरी आल्यापासून हे लिहीत बसलेय. चहा करायचा राहिलाय. सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं, शेवटी लिहीन की मंगळवारी नक्की सांगते. लिहिलंही होतं, मग खोडलं. तुमच्यासमोर दीड ग्रॅम लिहिण्यात अर्थ नाही.

आणि एक गोष्ट वर मी नीट लिहिलेली नाही. कॉलेज सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी तुम्ही ते जेवताना बोललात, त्याच दुपारी मी आईला म्हटलं होतं की बाबांना सांग, लॅबमध्ये मला ओळख दाखवू नका, मला लाज वाटते. आई तांदूळ निवडत राहिली होती. संध्याकाळी तुम्ही तुमचं म्हणून ते सांगितलंत, मार्कांचं कारण देऊन, ताटाकडे बघत. आईने तुम्हाला सांगितलं होतं, की तुम्हाला खरंच स्वतःहून सुचलं होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती आजारी होती तेव्हा महिनाभर तिच्या उशाशी होते, तेव्हाही नाही. तुमचाच नियम होता, असं धरून चालले, कारण ते सोयीचं होतं.

जेवढं हाती लागलं, तेवढं लिहिलंय. हे पत्र घडी करून बाटलीजवळ ठेवते.